वर कोण?

१

दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाझिब्रोला ही वाटाडी बाई पाच-सहा पाहुण्यांना घेऊन कॉकेशसच्या दक्षिणेकडच्या तेलावीहून पायी निघे आणि सहाव्या दिवशी सिघनाघीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या गावी पोहोचे. मोटारीने हे अंतर तास-सव्वा तासाचे. त्याला सहा दिवस लावणे हेच तिचे कसब होते आणि त्यासाठीच लोक तिच्याकडे येत. पाहुणे चालत, सामान घोडागाडीतून येई, आणि गाडी हाकायला तिचा नवरा शाक्रो असे. द्राक्षे तोडणीला आलेली असत. तोडणीपूर्वीचे हे पंधरा दिवस गावोगाव रांजण धुण्याचे असतात. त्यामुळे वाइनच्या कोठ्या उघड्या, रिकाम्या आणि दाखवण्यासारख्या असत.

या वर्षी पाहुणे तीनच होते. विम आणि हन्नेके हे हॉलंडचे जोडपे. त्यातला विम अखंड थट्टा करणारा. तिसरी ओडील, ल्यों शहरात चाळीस वर्षे पियानोंचे सूर जुळवून नुकतीच निवृत्त झालेली, काठीसारखी सरळ बाई. ती बोले कमी आणि ऐके फार.

पहिल्या दिवशी तेलावीला दुपारचे जेवण मांडले, की मृतांच्या नावाने पेला उचलायचा मान शाक्रोचा. या वर्षीही त्याने तो उचलला.

"आमच्याकडे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला असतो," तो पाहुण्यांना म्हणाला. "माणसाहून उंच. आत उतरून घासावा लागतो. तळाशी वाफ साचलेली असते. तिला रंग नाही, वास नाही. माणूस उभ्या उभ्या झोपतो आणि उठत नाही. म्हणून खालच्यानं गात राहायचं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो विचारतो, 'वर कोण?' वरच्यानं सांगायचं, 'मी आहे वर, तू गा.' गाणं आहे तोवर श्वास आहे."

"आणि बेसूर गायला तर?" विमने विचारले.

"तर वरचा झाकण लावून घरी जातो," शाक्रो म्हणाला. सगळे हसले. मग त्याने आवाज उतरवला, नेहमी उतरवी तेवढाच. "एकोणीस वर्षं झाली. खाली होता गिगला, माझा जिवलग, हिचा धाकटा भाऊ. वर मी. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या मध्येच आवाज तुटला. मी एक क्षण थांबलो नाही. उडी टाकली." त्याने बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा व्रण होता. "रांजणाच्या काठानं हात फाडला, तो कळलासुद्धा नाही. पण उशीर झाला होता. सकाळीच दोन पेले चाचा, आमची द्राक्षाच्या चोथ्याची कडक दारू, चढवली होती त्यानं. मी म्हटलं होतं, आज नको उतरूस. ऐकेल तर गिगला कसला!"

हन्नेकेने डोळे पुसले. नाझिब्रोलाने ब्रेडची टोपली पुढे सरकवली. ही हकिकत तिने अक्षर न अक्षर ऐकलेली होती. तिच्या आईने मुलाच्या दारूची लाज उराशी धरून दोन वर्षांत डोळे मिटले होते. आणि नाझिब्रोलाने, भावाच्या मागे उडी टाकणाऱ्या या माणसाला, तो एरवी तिला विशेष आवडत नसतानाही, होकार दिला होता. तिने त्या व्रणाशी लग्न केले, असे म्हटले तरी चालले असते.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलावीतल्याच वालिको या म्हाताऱ्याच्या कोठीत पाहुण्यांना नेले. सगळे त्याला बिझा, म्हणजे काका, म्हणत. दारातच त्याने तिला ओरडून विचारले, "काय गं नाझो, या वेळी तीनच मेंढ्या? मागच्या वर्षी तर कळप होता!"

"या जरा महाग लोकरीच्या आहेत, बिझा," ती म्हणाली.

कोठीत गारवा होता. जमिनीत सात गोल तोंडे उघडी होती. त्यातली सहा धुऊन झाली होती. सातवा रांजण वालिको दुपारी धुणार होता. पाहुण्यांनी वाकून पाहिले, आतला ओलसर मातीचा वास घेतला आणि ते अंगणात चाचा चाखायला गेले. नाझिब्रोला हन्नेकेची विसरलेली टोपी घेण्यासाठी मागे फिरली.

कोपऱ्यातल्या रांजणातून कोणीतरी गात होते.

आधी तिला त्यात काही वावगे वाटलेच नाही. या दिवसांत कोठीत गाणे ऐकू येणे म्हणजे घरात चूल पेटलेली असणे. गाण्यात मळ्याची वर्षभराची कामे क्रमाने येतात. हे बांधणीचे कडवे होते, म्हणजे दुसरे; वेलीच्या फांद्या काठीला बांधताना हात कसे थरथरतात, त्याचे. आवाज तरुण होता. कडवे संपले. 'वर कोण?' असा प्रश्न आला. मग उत्तर मावेल एवढी जागा सुटली.

उत्तर आले नाही. तिने आजूबाजूला पाहिले. रांजणाच्या तोंडाशी कोणीही नव्हते.

तेव्हा तिसरे कडवे सुरू झाले.

टोपी हातात धरून ती रांजणाशी गेली आणि तिने आत पाहिले. रांजण तळापर्यंत रिकामा आणि कोरडा होता. तळाशी खिडकीच्या उजेडाचा एक लहानसा तुकडा पडला होता. ती वाकताच आवाज थांबला होता. कापल्यासारखा नव्हे, तर दाराआड कोणी आल्याची चाहूल लागल्यावर आपण बोलणे थांबवतो, तसा.

बाहेर येऊन तिने टोपी दिली.  

३

"रिकामं भांडं घुमतं," शाक्रो लगाम सैल सोडत म्हणाला. त्सिनान्दालीच्या रस्त्यावर पाहुणे पुढे चालत होते आणि ती गाडीबरोबर चालत होती. "वारा शिरला की घुमतं. लहानपणी बाटलीत फुंकर मारली नाहीस का कधी?"

"बाटली कडवी म्हणत नाही, शाक्रो."

"तू बिनझोपेची आहेस, गोगो, पोरी. काल रात्रभर तो डच घोरत होता, मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता."

"तू काहीच ऐकलं नाहीस?"

"मी घोड्यांपाशी होतो." त्याने लगाम झटकला. घोड्यांच्या गळ्यातली घुंगरे खणखणली. "मी कोठीत जात नाही, तुला माहीत आहे."

हे खरे होते. एकोणीस वर्षांत शाक्रो कोणत्याही कोठीच्या उंबऱ्याआत गेला नव्हता. लोक त्याबद्दल आदराने बोलत आणि नाझिब्रोलालाही त्यात त्याच्या दुःखाची खोली दिसे. आजही तिला त्याची दया आली. तिने विषय सोडून दिला.

परंतु चालता चालता तिचे मन एका गोष्टीशी अडखळत राहिले. समजा, तो भास होता. भास माणसाच्या आठवणीतून जन्मतो. तिच्या आठवणीत गाणे दुसऱ्या कडव्याच्या मध्येच तुटले होते. तसे ते शाक्रोने तिला शेकडो वेळा ऐकवले होते. मग तिच्या स्वतःच्या मनाने तिसरे कडवे कोठून आणले?

४

चौथ्या दिवशी ते वेलिस्त्सिखेला पोहोचले. तेथील कोठी बेबो तासोची, म्हणजे तासो आजीची. ही नव्वदीची बाई स्वतः खुर्चीत बसून सुनेला रांजण धुवायला लावी आणि प्रत्येक कडव्यातली चूक काढी.

"खुरपणी आधी की औषध आधी?" ती रांजणात ओरडत होती. "वेलीला आधी औषध मारशील तर गवत तुला आशीर्वाद देईल, मला नाही!"

"बेबो, आत श्वास घ्यायला जागा नाही आणि तुम्हांला क्रम हवाय!" आतून सून ओरडली.

"क्रम हवाच. क्रम चुकला की वरच्यानं ओळखायचं, डोकं फिरायला लागलं. मग दोर ओढायचा."

नाझिब्रोलाच्या मनात काहीतरी टोचले. पण नेमके काय, ते तिला तेव्हा धरता आले नाही.

सून वर आली, सगळे बाहेर गेले. ओडील मात्र एका धुतलेल्या रांजणापाशी गुडघ्यावर बसली होती आणि डोळे मिटून ऐकत होती. नाझिब्रोला तिच्या शेजारी उभी राहिली. खालून पाचवे कडवे येत होते. शेंडे खुडण्याचे. शब्द न शब्द क्रमात होता.

"तुम्हांला ऐकू येतंय?" तिने हळूच विचारले.

"सूर ऐकू येतोय. एकच, सलग." ओडीलने डोळे उघडले. "मला वाटलं, रांजणांचा असेल. प्रत्येक पोकळ वस्तूला स्वतःचा सूर असतो. तेलावीतही हाच होता, त्सिनान्दालीतही, काल वाझिसुबानीतही."

"मग?"

"मग तसं होऊ शकत नाही. तो तेलावीतला रांजण याच्या दुप्पट होता. मोठं भांडं आणि लहान भांडं एका सुरात बोलत नाहीत." ती गुडघे झाडत उठली. "आणि आणखी एक. रोज तो केसभर उतरतोय. तार सैल होते तसा. पण माती सैल होत नाही. दमतो तो माणूस."

ती अंगणाकडे वळली. ज्याचे उत्तर आपल्यापाशी नाही, तो प्रश्न वाढवण्याची तिला सवय नसावी.

सहावे कडवे सुरू झाले. आता दोन ओळींमध्ये श्वास ऐकू येत होता.

५

गुरजानीच्या कोठीत ती पाहुण्यांना अंगणात बसवून एकटीच आत गेली. तिने दार लावून घेतले. घरमालक बाजाराला गेला होता. बारा रांजणांपैकी कोणत्या रांजणातून आवाज येईल हे तिला ठाऊक नव्हते, म्हणून ती मध्ये उभी राहिली.

आवाज तिच्या पायाशी असलेल्या रांजणातून आला. पाखरे हाकण्याचे कडवे. गिगला हे कडवे गाताना नेहमी मध्येच शीळ घाली. घरच्यांखेरीज कोणालाही ती ठाऊक नव्हती. शीळ आली, अर्धी, वाऱ्यावाचून विझणारी.

'वर कोण?'

पुन्हा उत्तराची जागा सुटली. ती जागा किती लांब होती! उत्तर देणाऱ्याला पेला खाली ठेवून, ओठ पुसून, सावकाश उत्तर देता यावे, एवढी. एवढ्या जागेत एकोणीस वर्षांपूर्वी कोणी काहीच म्हटले नव्हते? का म्हटले नव्हते? शाक्रो वर होता. तो वर होता आणि दुसऱ्याच कडव्याला त्याने उडी टाकली होती, तर गाणे येथवर आलेच कसे?

"मी आहे वर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "गिगला, मी आहे वर. तू गा."

खाली शांतता पसरली. ती ऐकणाऱ्याची शांतता होती. तिने ओळखले, की कोणीतरी मान तिरपी करून तिचा आवाज ओळखण्याचा प्रयत्न करत आहे.

मग तेच कडवे पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झाले, आणि शेवटी तोच प्रश्न आला. तिचे उत्तर त्याने स्वीकारले नव्हते. तो तिला विचारतच नव्हता.

ती दारापाशी आली, तेव्हा तिला बेबो तासोचे बोलणे आठवले आणि टोचणारी गोष्ट सापडली. दुसरे, तिसरे, पाचवे, सहावे, सातवे. एकही कडवे मागे-पुढे नव्हते; एकही शब्द गळला नव्हता. दोन पेले चाचा घेतलेल्या माणसाला हे जमले नसते. गिगला त्या सकाळी प्यायलेला नव्हता.

तिने त्याला एकोणीस वर्षे प्यायलेला मानले होते. आईनेही मानले होते.

६

शेवटच्या दिवशी निघण्यापूर्वी तिने घोड्यांच्या गळ्यातली घुंगरे सोडली आणि पिशवीत टाकली.

"हे काय?" शाक्रोने विचारले.

"ओडीलचं डोकं दुखतं."

"तिचं? ती तर आयुष्यभर पियानो बडवत आली."

"जुळवत आली. चल."

वाट द्राक्षमळ्यांमधून जात होती. डावीकडे अलाझानीचे खोरे, त्यापलीकडे कॉकेशसचे डोंगर धुरकट निळे. रस्त्यालगत घरे, घरांच्या आवारांत कोठ्या, कोठ्यांची दारे उघडी. पहिल्या घराशी गाडी आली आणि शाक्रो शीळ घालू लागला. घर मागे पडले, शीळ थांबली. दुसऱ्या घराशी तो घोड्याशी मोठ्याने बोलू लागला. तिसऱ्याशी खोकला. एक कोठी रस्त्याला अगदी खेटून होती. तिच्यापाशी त्याने विमला हाक मारून, हॉलंडमध्ये गायी किती दूध देतात, हे विचारले आणि उत्तर येण्याआधीच दुसरा प्रश्न केला.

नाझिब्रोला गाडीच्या मागून चालत हे पाहत होती. घुंगरे त्याने लग्नाच्या वर्षी आणली होती. पाहुण्यांना आवडतील, असे म्हणाला होता. तेव्हा पाहुणे येतही नव्हते.

 रांजणातला आवाज ऐकून तिला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी आता पुढच्या बाकावरच्या त्या ओळखीच्या पाठीची वाटली. ती पाठ तिने पंधरा वर्षे रोज पाहिली होती. आजारपणात चोळली होती. तिच्याआड काय ऐकले जात होते?

ती स्वतःशी वाद घालत राहिली. माणूस शीळ घालतो. माणूस खोकतो. दुःखी माणसाला शांतता सोसत नाही. हे सर्व खरे होते. आणि यातल्या एकाही वाक्याने तिची पावले हलकी झाली नाहीत.

७

दुपारी दोनच्या सुमारास ते घरी पोहोचले. पाहुणे हात-पाय धुऊन तुतीच्या झाडाखाली टेबलाशी बसले. नाझिब्रोलाने त्यांच्यापुढे चीज, टोमॅटो आणि थंड वाइन ठेवली आणि ती खोरे घेऊन थेट कोठीत गेली.

घरच्या कोठीत पाच रांजण होते. चार वापरात होते. पाचव्यावर दगडी झाकण होते आणि झाकणावर एकोणीस वर्षांची माती. ती माती ओढू लागली. आवाज ऐकून शाक्रो धावत आला. पण उंबऱ्यावर थांबला.

"त्याला हात लावू नकोस, नाझो."

"का?"

"का म्हणजे? तुझा भाऊ गेलाय त्यात!"

"म्हणूनच लावतेय."

"पाहुणे जेवायला खोळंबलेत. चल, नंतर बघू. मी सांगतोय ना, नंतर!"

तिने झाकणाच्या कडेखाली खोरे घातले आणि अंगाचा भार टाकला. दगड सरकला. उघड्या फटीतून कुबट वास यायला हवा होता. आला तो नुकत्याच ओल्या झालेल्या मातीचा आणि चुनकळीच्या पाण्याचा. धुणे चालू असताना येतो तो.

आणि गाणे आले. ते कितवे कडवे होते हे तिला सांगता आले नाही. शब्द आता शब्द राहिले नव्हते. श्वासावर टांगलेल्या स्वरांची रांग होती. तरीही क्रम चुकलेला नव्हता.

तिने दगड पूर्ण सरकवला आणि आत पाहिले.

खाली ओली, चकाकणारी भिंत होती, आणि भिंतीवर एक हात चेरीच्या सालीच्या ब्रशाने सावकाश गोल गोल फिरत होता. हाताच्या मागे काळोख होता. त्या काळोखातून काहीतरी फिकट वर वळले. तो चेहरा असेल तर त्याने तिच्याकडे पाहिले नाही. तो तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत होता, जेथे दोर धरणारा उभा राहतो, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. विश्वास होता. तो तिला सोसला नाही आणि ती मागे सरली.

'वर कोण?'

ती जागा सुटली. ती लांबत गेली. आणि उंबऱ्यावरून, पुटपुटल्यासारखे, सवयीने, शाक्रोचे ओठ हलले.

"मी आहे वर, तू गा."

नाझिब्रोला वळली. त्याने हात तोंडावर दाबून धरला होता, पण उशीर झाला होता.

"म्हणजे तुला ऐकू येतं," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"नाझो..."

"कधीपासून, शाक्रो? सांग. कुठे होतास तू?"

"कुंपणापाशी." त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. "थोडाच वेळ. कुणीतरी हाक मारली, बोलत उभा राहिलो. गाणं ऐकू येत होतं मला! कुंपणापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. गाणं आहे म्हणजे श्वास आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. कुणीही राहिलं असतं. तू राहिली असतीस!"

"मग दुसऱ्या कडव्यात आवाज तुटला, तो?"

"तुटलाच नाही." तो रडू लागला. "मी परत आलो, आत पाहिलं. तो पडला होता. गार झाला होता, नाझो. आणि गाणं चालूच होतं. हे कुणाला सांगायचं होतं मी? तुला? तुझ्या आईला?"

"आणि चाचा?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना."

तिने त्याच्या हातावरच्या व्रणाकडे पाहिले. त्याने काय केले, यापेक्षा त्यानंतर त्याने काय काय मागून घेतले, ते तिला आठवत होते: आईचे आभार, गावाचा मान, तिचा होकार, आणि दरवर्षी पाहुण्यांचे अश्रू.

आत कडवे पुन्हा सुरू झाले होते. त्यात आता दम नव्हता, असे नव्हे. उलट बळ आले होते. उत्तर मिळाले होते.

"आत ये," ती म्हणाली.

"नको."

"आत ये आणि इथे उभा राहा. तो तुलाच विचारतोय. माझं उत्तर त्याला चालत नाही, मी देऊन पाहिलं." तिने त्याचे मनगट धरले आणि त्याला उंबऱ्याआत ओढले. तो तिच्याहून दुप्पट बळाचा होता. पण लहान मुलासारखा आला. तिने त्याला रांजणाच्या काठाशी उभे केले. "दे उत्तर."

"किती वेळ?"

"मला कशाला विचारतोस?"

ती बाहेर आली आणि तिने कोठीचे दार लोटून घेतले. कडी लावली नाही. त्याला यायचे असते तर येता आले असते.

८

टेबलाशी सगळे तिची वाट पाहत होते. तिने हात धुतले, ब्रेड घेतला आणि कापू लागली. 

कोठीतून गाणे आले, आणि त्यापाठोपाठ उत्तर.

"वा!" विम म्हणाला. "शेवटच्या दिवशी खास कार्यक्रम! आम्हांला आधी का नाही सांगितलंत?"

"आत्ताच ठरला," ती म्हणाली.

"जाऊन पाहू का?"

"बसा. पाहिल्यानं बिघडतं."

कडव्यामागून कडवे होत गेले. हन्नेके बोटाने टेबलावर ताल धरत होती. ओडीलने काटा खाली ठेवला होता आणि ती दाराकडे पाहत होती. मध्येच काही क्षण दोन्ही आवाज थांबले. पाणी भरलेली जड बादली वर ओढताना होते तशी दगडाला काहीतरी घासल्याची खरखर झाली. मग गाणे पुन्हा सुरू झाले. मोकळे, भरदार, छपराखालच्या हवेत चढत जाणारे.

"त्यांनी जागा बदलल्या," ओडील हळूच म्हणाली. "गाणारा आता वर आहे. खोलातून येतंय ते उत्तर."

नाझिब्रोलाने तिच्या ताटलीत ब्रेडचा तुकडा ठेवला.

"काल्बातोनो," नुकत्याच शिकलेल्या 'बाईसाहेब' या शब्दाने हाक मारत हन्नेकेने कौतुकाने विचारले, "यातला तुमचा नवरा कोणता?"

तिने क्षणभर कान दिला. तिला उठता आले असते. दार वीस पावलांवर होते आणि दोर खुंटीला लावलेला होता. तिने खुर्ची ओढली आणि ती कोठीकडे पाठ करून बसली.

"उत्तर देतोय तो," ती म्हणाली, आणि मीठ मागितले.

मागे प्रश्न विचारला गेला. उत्तर आले, पण या वेळी यायला थोडा अधिक वेळ लागला.